एका डावापुरता डेल्विन

२८ ऑगस्ट १९८८, रविवार

डॉक्टरांनी ही वही दिली. म्हणाले, रोज सकाळचं वजन लिहायचं, पाय किती सुजले ते लिहायचं, आणि हृदय थकलंय, आडवं पडलं की दम लागतो, म्हणून रात्री डोक्याखाली किती उशा लागल्या तेही लिहायचं. मी म्हटलं, डॉक्टर, मला सहीच्या जागी फुली मारता येते, तीसुद्धा वाकडी. तर म्हणाले, मुलीकडून लिहून घ्या. म्हणून ही अर्लीन लिहिते आहे. माझी थोरली. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्मभर पोरांना वाढलं आणि आता घरी बसून मला वाढते. अक्षर चांगलं आहे तिचं, आवाज त्याहून मोठा.

ती म्हणते, हे लिहिणार नाही. लिही.

उशा तीन. झालं डॉक्टरांचं काम. आता माझं.

शनिवारी डेल्विनचा पहिला सामना. डेल्विन माझा नातू, धाकट्या मुलीचा मुलगा. त्याची आई सेंट लुइसला कामाला गेली ती ख्रिसमसला उगवते. पोर माझ्याच हाताखाली वाढलं. आता टलहिल कॉलेजात आहे, फुटबॉलचं शेवटचं वर्ष खेळतो, तो चेंडू हातात घेऊन पळायचा अमेरिकन फुटबॉल. टीव्हीवर दिसतात तसलं कॉलेज नव्हे हे. तिथला कोच टॉलिव्हर स्वतः चुन्याने मैदानावर रेघा मारतो, स्वतः बस चालवतो आणि उरलेल्या वेळात पोरांना दात घासायचं शास्त्र शिकवतो. बसायला लाकडी फळ्या. पण डेल्विन चेंडू काखेत मारून पळायला लागला की त्या फळ्यांवरची माणसं उभी राहतात. पळतो म्हणून त्याची फी माफ आहे. पळणं थांबलं की माफी थांबली.

आणि घोडं अडलंय ते तिथेच. मध्येच त्याने विषय बदलला. आधी धंद्याचं शिकत होता, आता गणिताचा मास्तर व्हायचंय त्याला. त्यामुळे खेळायचं वर्ष हे शेवटचं, पण शिकायचं अजून एक उरतं. त्या वर्षाची फी कोण भरणार? विचारलं की म्हणतो, बघू. आमच्या घरात ‘बघू’ म्हणून ठेवलेल्या गोष्टी मी एक्क्याऐंशी वर्षं बघतेच आहे.

४ सप्टेंबर, रविवार

जिंकले. डेल्विन दोनदा पार शेवटच्या रेघेपलीकडे गेला.

कॉलेजच्या गावाचं रेडिओ स्टेशन आमच्या घरात लागत नाही. चर्चमागच्या कबरस्तानाच्या टेकावर गाडी चढवली की लागतं. म्हणून अर्लीनने गाडी वर नेली आणि आम्ही आत बसून उकडलेल्या शेंगा खात ऐकलं. शेजारची मॅटी खालून ओरडली, “ओझेला, जागा बघायला आलीस की काय?” मी म्हटलं, “बघितली. पण शेजार बरा नाही, तुझा नवरा इथेच आहे.”

११ सप्टेंबर, रविवार

काल त्याचं नाव सारखं येत होतं. डेल्विनकडे चेंडू, डेल्विन सात यार्ड, डेल्विन पाच. मग बराच वेळ नाव येईना. मी म्हटलं दमला असेल, बसवला असेल. अर्लीनने रेडिओचा आवाज वाढवला. मग तो रेडिओवाला म्हणाला, दोघांनी धरून बाहेर नेलं आहे.

गुडघा. आतली दोरी तुटली म्हणतात.

उशा किती ते मी मोजल्या नाहीत. झोपलंय कोण.

१८ सप्टेंबर, रविवार

कोच टॉलिव्हर स्वतः पोराला घेऊन आला. बसमधून. एवढ्या मोठ्या रिकाम्या बसमधून एक कोच, एक डेल्विन आणि दोन कुबड्या उतरल्या.

मी वाढायला घेतलं. चिकन तळलं होतं, मक्याची भाकर होती. कोच जेवला असा की जणू गुडघा त्याचाच फुटलाय आणि ताकद त्यालाच भरून काढायचीय. मग तोंड पुसून म्हणाला, “ओझेलाबाई, एक चांगली बातमी आहे.”

“तू कुबड्या घेऊन आलास तेव्हाच मी ओळखलं,” मी म्हटलं.

“अहो, ऐका तर. हंगामाच्या सुरुवातीलाच पोरगा जायबंदी झाला, दोनच सामने झाले होते, तर लीग ते वर्ष धरत नाही. परत देते. पुढच्या वर्षी हा पुन्हा खेळेल, फी पुन्हा माफ. त्याच वर्षात त्याचं मास्तरकीचं शिक्षण पुरं.”

मी डेल्विनकडे पाहिलं. तो ताटात बघून हसत होता. लहानपणी अंडं फोडल्यावर हसायचा तसा.

“म्हणजे मोडला म्हणून मिळालं?” मी विचारलं.

“असंच म्हणा.”

“देवाघरचे हिशेब अर्लीनसारखे दिसतात. कुठून घेतात आणि कुठे टाकतात, कळत नाही.”

अर्लीनने डोळे वटारले. कोच म्हणाला, “अट एकच. आता यंदा त्याने मैदानावर पाय टाकायचा नाही. एक डावसुद्धा नाही, म्हणजे एकदासुद्धा चेंडू घेऊन पळायचं नाही. एक डाव खेळला की वर्ष खेळल्याचं धरतात.”

“एक डावसुद्धा?” मी म्हटलं. “म्हणजे भाकरीचा तुकडा मोडला की अख्खी भाकरी खाल्ल्याचं पाप?”

“नियम आहे, बाई.”

“नियम करणाऱ्याची आजी नसेल कोणी.”

तो हसला. डेल्विनही हसला. जाताना पोराने मला मिठी मारली, कुबडीसकट. बरगडीत बसली ती अजून दुखते, डॉक्टर. हे हृदयाचं दुखणं नव्हे.

९ ऑक्टोबर, रविवार

मधले दिवस लिहायचे राहिले कारण मी हॉस्पिटलात होते. पाण्यात पडल्यासारखा दम कोंडला. तिथे गोळ्यांनी पाणी काढलं. पाय पुन्हा पायांसारखे दिसतात.

डॉक्टर अर्लीनला दाराबाहेर घेऊन बोलले. माझ्या कानांना काही झालेलं नाही हे कोणी लक्षातच घेत नाही. म्हणाले, वसंत ऋतू बघतील, पण पुढच्या हिवाळ्यापर्यंतची खात्री नाही.

अर्लीन आत आली ती मोठ्या आवाजात म्हणाली, “सगळं ठीक आहे, आई!” मी म्हटलं, “हो, ऐकलं मी. एवढी ओरडू नकोस, शेजारच्या खाटेवरची बाई उगाच खूश होईल.”

२३ ऑक्टोबर, रविवार

डेल्विन दोन दिवस राहून गेला. एकच कुबडी आता. अंगणात बसून गणितं करत होता. मी शेंगा सोलत बसले. मी विचारलं, “एवढं काय मांडतोस?” तर म्हणाला, “मोठी आई, हे पोरांना शिकवायचं म्हणजे आधी मला तीन वेगवेगळ्या वाटांनी यायला पाहिजे. एका वाटेने ज्याला कळत नाही त्याच्यासाठी दुसरी.” मला कोणी एकाही वाटेने शिकवलं नव्हतं. मी शेंगा सोलल्या.

मग म्हणाला, “पुढच्या वर्षी तुला पहिल्या फळीवर बसवतो. उशी आणतो खाली घालायला.”

मी म्हटलं, “पुढच्या वर्षी मी टेकावर असेन, बाबा. रेडिओ तेवढा घेऊन ये. तिथे चांगला लागतो.”

गंमत केली. अर्लीन लगेच आत निघून गेली. डेल्विन पेन्सिल खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्या अंगावर टरफलं फेकली तेव्हा कुठे हसला.

या पोरांना थट्टा कळत नाही हल्ली.

३० ऑक्टोबर, रविवार

कोचला फोन केला. म्हणजे अर्लीनने लावला, मी बोलले.

घरच्या मैदानावर शेवटचा सामना बारा नोव्हेंबरला. त्या दिवशी शेवटच्या वर्षाच्या पोरांना त्यांची आई नाहीतर बाप हात धरून मैदानाच्या मधोमध नेतो, नाव पुकारतात, सगळे टाळ्या वाजवतात. कॉलेजात पोर घातलं त्या दिवसापासून मी त्या टाळ्यांची वाट बघतेय. कोच म्हणाला, “पण ओझेलाबाई, तो पुढच्या वर्षी आहे ना. त्याची पाळी पुढच्या वर्षी.”

“त्याची असेल. माझी नाही.”

पलीकडे कोचने कागद चाळले. मग म्हणाला, “बरं. यंदाच चाला त्याच्याबरोबर. पुढच्या वर्षी पुन्हा चाला. कोण अडवतं?”

“गवतावर चालायला मी दीड तास गाडीत बसून येऊ? गवत माझ्या दारात आहे. मला तो पळताना बघायचाय.”

“बाई, अट सांगितली होती मी.”

“कोच, चार वर्षं माझी मक्याची भाकर खाल्लीस. कधी म्हटलं, एक तुकडासुद्धा नाही?”

तो हसला. हसला की माणूस अर्धा जिंकला. मी आणखी रेटलं. म्हटलं, डॉक्टर काय म्हणाले ते अर्लीनला विचार. म्हटलं, मेलेल्या बाईला तिकीट लागत नाही हे खरं, पण दिसतही काही नाही.

संध्याकाळी त्याचा उलट फोन आला. एक तोड निघाली. दुसऱ्या गावाच्या कोचशी तो बोलला, रेफरीशी बोलला. सामना सुरू व्हायच्या आधी डेल्विनच्या हातात चेंडू द्यायचा, समोरच्यांनी नुसतं उभं राहायचं, त्याने तिथल्या तिथे गुडघा टेकायचा, टेकला की पळणं तिथेच संपतं. शिट्टी. चेंडू परत जागेवर. डेल्विन बाहेर. मग घड्याळ लावायचं आणि खरा सामना. “म्हणजे तो डाव नव्हे, मान झाला. कुठे लिहिला जाणार नाही. पण पळायचं नाही, ओझेलाबाई. पळला तर तो खेळ झाला.”

“गुडघा टेकलेला मी त्याला दर रविवारी चर्चमध्ये बघते,” मी म्हटलं. पण कबूल केलं.

अर्लीनचं पेन थांबलंय. काय झालं ग? म्हणते, “आई, नुसतं चाललीस तर नाही का भागणार?” मी म्हटलं, कोचने स्वतः तोड काढली, आता तू कोचची कोच होऊ नकोस. लिही.

६ नोव्हेंबर, रविवार

डेल्विनचा फोन. “मोठी आई, आपण नुसतं चालूया ना हात धरून. गुडघा अजून कडक आहे.”

“गुडघा टेकायला कडक आहे की माझं ऐकायला कडक आहे?”

“तसं नाही ग.”

“मग कसं?”

मागे कुठेतरी भांडी घासत होते. मग म्हणाला, “बरं. तू पांढरी टोपी घालून ये. मला लांबून दिसायला पाहिजेस.”

पोर लाजतंय. एवढा मोठा झाला तरी लाजतो.

१३ नोव्हेंबर, रविवार

आज मी सांगते आणि अर्लीनने मध्ये बोलायचं नाही.

चर्चची पांढरी टोपी घातली, पिसाची. थंडी पडली होती. बँड म्हणजे वीसेक पोरं आणि पोचा पडलेला एक भला मोठा भोंगा, पण वाजवत होते असे की भोंग्याचा पोचा भरून निघावा. कोचने माझ्यासाठी मैदानाच्या कडेला वर्गातली खुर्ची आणून ठेवली होती. आम्हाला नाव घेऊन पुकारलं. डेल्विन जर्सी घालून आला, हात पुढे केला. आम्ही चाललो. मधोमध पोचेपर्यंत माझा दम संपला. मी थांबले आणि चौफेर बघायला लागले, जणू मैदान विकत घ्यायचंय. डेल्विनला कळलं. तोही माझ्याबरोबर बघत उभा राहिला, घाई केली नाही. टाळ्या चालूच होत्या.

मग मला खुर्चीवर बसवलं आणि पोरं रांगेत उभी राहिली. पलीकडची पोरं हात खाली सोडून सरळ उभी, प्रार्थनेला उभी राहावीत तशी. चेंडू मागे आला. डेल्विनने घेतला. तो वाकला, गुडघा जमिनीला लागणार, एवढ्यात

मी ओरडले. “पळ रे!”

मी ओरडायचं ठरवलं नव्हतं. आठ वर्षांचा असताना तो कुंपणावरून उडी मारून कोंबडीमागे पळायचा तेव्हा मी ओरडायची तसंच तोंडातून गेलं. समोर पोर चेंडू घेऊन उभं आहे आणि पुढे सगळं मोकळं रान आहे, दुसरं काय ओरडणार माणूस?

त्याने मान वळवली. टोपी शोधली. सापडली. आणि निघाला.

लंगडत, पण निघाला. पलीकडची पोरं गोंधळली. मग त्याच्या दोन्ही बाजूंनी हळूहळू धावायला लागली, वासरं गाईच्या बाजूने धावतात तशी. एकानेही हात लावला नाही. शेवटी त्यांच्यातल्या एका धिप्पाड पोराने त्याच्या कमरेला हात घातला आणि त्याला रेघेबाहेर घेऊन आला. तेव्हा शिट्टी झाली. फळ्यांवरची सगळी माणसं उभी होती. मीसुद्धा उभी होते, आणि मला कोणी उभं केलं हे मला माहीत नाही.

कोचने डोक्याला हात लावला होता. एवढा मोठा माणूस, आनंदाने रडायला आला असेल.

डेल्विन माझ्यापाशी आला. घाम आला होता, हसत होता, पण पांढराफटक. “दिसलो?” म्हणाला.

“अख्ख्या तालुक्याला दिसलास,” मी म्हटलं.

चेंडू नंतर तिथूनच पुढे खेळले, तो पोचला होता तिथून. सामना हरले. त्याचं कोणाला काय.

रात्री दोन उशांवर झोपले, डॉक्टर. दोन!

१७ नोव्हेंबर, गुरुवार

त्या गावचा पेपर आला. मॅटीच्या पुतण्याने आणला. खाली बारीक अक्षरात सगळ्या पोरांची नावं असतात, कोण किती पळालं. त्यात आहे. अर्लीनने वाचून दाखवलं: डेल्विन, एक वेळ, अकरा यार्ड. मी पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा वाचताना तिचा आवाज बसला.

मी म्हटलं, खोकला झालाय तुला, मध घे.

मी ते कापून चर्चमध्ये नेलं. सगळ्यांना दाखवलं. मॅटी म्हणाली, “कुठे आहे ग त्याचं नाव?” मी म्हटलं, “तुला वाचता येतं ना, तूच शोध. मला तर ते दुरून ओळखू येतं.”

२४ नोव्हेंबर, गुरुवार

आभाराच्या सणाचं जेवण. सगळे आले. डेल्विन नेहमीसारखा हसत होता, भांडी घासली, मॅटीच्या नातवाला पाढे शिकवले. जेवला मात्र कमी. मी म्हटलं, कॉलेजात बरं खायला मिळतं वाटतं. म्हणाला, “नाही ग, तुझ्यासारखं नाही.” तरी ताट तसंच ठेवलं.

११ डिसेंबर, रविवार

कोच आला. या वेळी बस नव्हती, स्वतःची जुनी गाडी. मी दारातूनच म्हटलं, “ये, भाकरी गरम आहे.” तर टोपी हातात घेऊन तसाच उभा. “आधी ऐका, ओझेलाबाई.”

लीगने वर्ष द्यायला नकार दिला.

“का?” मी विचारलं.

“तो पळाला. घड्याळ लावणाऱ्या माणसाने चेंडू हलला म्हणून सवयीने घड्याळ लावलं. रेफरीला वेळेत शिट्टी मारता आली नाही. चेंडू तिथूनच पुढे गेला. कागदावर तो डाव झाला. डाव झाला म्हणजे हंगाम खेळला.”

“तू त्यांना सांग ना, म्हातारी ओरडली म्हणून.”

“सांगितलं.” त्याने टोपी फिरवली हातात. “त्यांना वाईटही वाटलं. एक जण म्हणाला, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं असतं. पण तेव्हा मैदानात जाऊ दिला ही माझी चूक. एकदा तुम्हाला ‘नाही’ म्हटलं होतं, त्यावर ठाम राहायला पाहिजे होतं.”

“माझ्यापुढे कोण ठाम राहिलंय?” मी म्हटलं. हसवायला म्हटलं. कोणी हसलं नाही. मीही नाही.

भाकरी खाल्ली नाही त्याने. पहिल्यांदाच.

तो गेल्यावर मी अर्लीनला म्हटलं, तुला माहीत होतं. ती म्हणाली, “पेपर वाचला तेव्हा शंका आली.” मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, “तू दोन उशांवर झोपत होतीस, आई.”

हे लिहिताना ती रडते आहे. पुसून घे ग, शाई पसरेल.

१८ डिसेंबर, रविवार

मी लीगच्या ऑफिसात फोन केला. लिटल रॉकला. तिथली मुलगी गोड होती. मी म्हटलं, मुली, चूक माझी आहे, पोराची नाही. तो गुडघा टेकत होता, मी त्याला उठवला. मला शिक्षा करा. एक वर्ष मला सामना बघू देऊ नका. दोन वर्षं बघू देऊ नका.

ती म्हणाली, “आजी, प्रेक्षकांसाठी नियम नाहीत आमच्याकडे.”

करायला पाहिजेत, मी म्हटलं.

१ जानेवारी १९८९, रविवार

हंगाम संपला तशी फीची माफीही संपली, आणि डेल्विन सामान घेऊन घरी आला. ट्रंक, पुस्तकं, एक जुनी जर्सी. मी म्हटलं, मागची पाइनची झाडं विकते. मोठी झाली आहेत, फी निघेल. तो म्हणाला, “ती झाडं आजोबांनी तुझ्यासाठी ठेवलीत, तुझ्या दवाखान्यासाठी. मी एक वर्ष गिरणीत काम करतो, पैसे साठवतो, मग परत जातो.”

लाकडाच्या गिरणीत. त्याचा आजोबा एक वर्षासाठीच गेला होता. माझा थोरला भाऊ एक वर्षासाठीच गेला होता. त्या गिरणीचं एक वर्ष मी ओळखते. ते संपत नाही.

मला हे त्याला म्हणायचं होतं. पण गेले दोन महिने मी जे म्हटलं ते सगळं त्याने ऐकलं होतं, आणि त्याचं काय झालं ते आपण बघतोच आहोत. म्हणून गप्प बसले.

१६ एप्रिल, रविवार

झाडांचा विषय पुन्हा काढला. तो पुन्हा नाही म्हणाला. मी चिडले. म्हटलं, तू माझ्या मरणासाठी झाडं राखतोस आणि मी तर मरतच नाहीये! तो म्हणाला, “तेच तर चांगलं चाललंय.”

नवीन गोळी लागू पडली. शिकाऊ डॉक्टरीण म्हणाली, इतक्या वयात असं क्वचित बघायला मिळतं. मोठ्या डॉक्टरांनी तिला बोलावून माझे पाय दाखवले, प्रदर्शनात ठेवावे तसे. मी परसात वाफे काढले, कोवळी भाजी लावली. जिने चढते. मॅटी म्हणते, ओझेला, तू आम्हा सगळ्यांना पोचवून जाशील.

मला ते ऐकून पूर्वी गुदगुल्या व्हायच्या.

१७ सप्टेंबर, रविवार

गिरणीवाल्यांनी डेल्विनला पर्मनंट केलं. करवतीवरून मापाच्या टेबलावर घेतलं, हिशेब बरोबर असतो म्हणून. पगार वाढला. चर्चमध्ये सगळ्यांनी अभिनंदन केलं. तोही हात मिळवत होता. मी बाकावरून पाहिलं. चांगला हसतो तो. अगदी खरं वाटेल असा.

पुस्तकांची ट्रंक त्याने माळ्यावर टाकली. मला विचारलं नाही, अर्लीनकडून शिडी मागून घेतली.

काल सामन्याच्या वेळी अर्लीन गाडीची किल्ली घेऊन उभी राहिली. मी म्हटलं, नको. तिने किल्ली परत खिळ्याला अडकवली.

११ नोव्हेंबर, शनिवार

आज टलहिलला शेवटच्या वर्षाच्या पोरांचा दिवस. सगळं नीट झालं असतं तर आज आम्ही तिथे असतो.

डेल्विनची आज सकाळची पाळी होती. मी पहाटेच उठून भाकरी केली, बेकन तळलं. मला उठता येतं आता, सगळं येतं. तो बूट बांधत होता. गुडघा वाकवताना अजून तोंड वाकडं करतो. मी पाठमोरी होते, चुलीकडे तोंड. विचारायला तेच सोपं होतं.

“डेल्विन, तुला त्या दिवशी ठाऊक होतं ना?”

“काय?”

“पळालास तर वर्ष जाईल, हे.”

बुटाची नाडी ओढल्याचा आवाज आला. “कोचने दहा वेळा सांगितलं होतं, मोठी आई. माहीत कसं नसेल.”

“मग का पळालास?”

“तू ओरडलीस.”

“मी तर कोंबड्यांवरही ओरडते.”

“आणि वाटलं,” तो म्हणाला, “ही पुढच्या वर्षी नसणार. हिला एकदा दिसू दे.”

मी वळले. हातात कालथा तसाच. म्हटलं, “आणि मी आहे. बघ माझ्याकडे. घोड्यासारखी उभी आहे. डॉक्टर खोटे पडले, मी खोटी पडले, तुझं वर्ष तेवढं गेलं. मेले असते तर निदान हिशेब तरी बसला असता रे तुझा.”

तो उठला. डबा घेतला, टोपी घातली. भुसा निघत नाही त्या टोपीतून, कितीही झटका. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “एवढं महाग तिकीट काढून बसवलंय तुला. आता मध्येच उठून जाऊ नकोस.”

आणि गेला.

मला उत्तर सुचलं नाही. अर्लीन, तसंच लिही. सुचलं नाही.